साधी भाकर

आमच्या घरात दोन तऱ्हेच्या भाकरी होत. एक ज्वारीची, रोज, तव्यावर. दुसरी गव्हाची, दर शुक्रवारी, लोखंडी साच्यात. ही दुसरी कागदाइतकी पातळ आणि पांढरी असे, आणि ती घरात खायची नसे. ती देवळात जायची. तिला काही वेगळं नाव असेल, पण आम्ही भाकरच म्हणत असू. कोणती भाकर ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळे.

साचा म्हणजे लांब दांड्यांचा चिमटा, टोकाला दोन चपट्या थाळ्या, आणि एका थाळीवर आतून कोरलेले क्रूस. आई गहू स्वतः जात्यावर दळायची, मलमलीतून दोनदा गाळायची आणि पाण्यात कालवायची. मीठ नाही, तेल नाही, दुसरं काहीही नाही. गव्हाचं पीठ आणि पाणी एवढंच चालतं, असं बाबांनी सांगितलेलं होतं, आणि आई तेवढंच घ्यायची. तापलेल्या थाळ्यांना मेणाचा फडका फिरवायचा, डावभर पीठ ओतायचं, साचा दाबायचा. चर्रकन वाफ सुटे. साचा उघडला की आत पांढरा पत्रा. तांबूस झालेला बाजूला काढायचा. बाकीचे पत्रे ओल्या फडक्यात रात्रभर ठेवून शनिवारी बाबा त्यांचे गोल कापत. गोल मोजून विसाविसाच्या चळती लावायचं काम माझं होतं. पुढे मी सगळी नोकरी रेल्वेच्या हिशेबाच्या कचेरीत केली. मोजण्याची सवय मला तिथे लागली असं माझी बायको सांगते, पण ती त्याआधीची आहे.

उरलेली कातरण पितळेच्या ताटलीत पडे आणि ती मी आणि तेरूताई खात असू. तेरेजा तिचं नाव, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कातरणीला चव अशी नसते. आधी कोरड्या कागदासारखी लागते, मग जिभेवर विरघळताना जराशी गोड. मी मूठभर तोंडात कोंबायचो. तेरूताई एकेक तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायची.

‘‘चाव ना वं,’’ मी म्हणायचो.

‘‘दात नाही लावायचा. देवळातली सवय राहू दे,’’ ती म्हणायची. मग एक डोळा उघडून, ‘‘तू खाय बकरीसारखा.’’

आमचे आजोबा उमरेडचे विणकर. ते नागपुरात येऊन ख्रिस्ती झाले. त्यांचे भाऊबंद झाले नाहीत. पण राहिले सगळे एकाच गल्लीत, त्यामुळे आमच्या भिंतीपलीकडे चुलत आजोबांचा माग दिवसभर खटखटत असे. तो आवाज, सकाळी मिलचा भोंगा आणि तीन वेळा देवळाची घंटा, एवढ्यावर आमचा दिवस चाले. घड्याळ नव्हतं. बाबा मागावर बसले नाहीत. ते फादरांच्या शाळेत धर्मशिक्षक होते आणि संध्याकाळी आमच्याच ओसरीवर मोठ्या माणसांना शिकवत. बहुतेक विणकरच, दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, इथे येऊन ते पाय लांब पसरत.

बाबांच्या शिकवण्यात एक विषय पुन्हा पुन्हा येई, तो म्हणजे पहिले ख्रिस्ती. ते सांगत, की त्या लोकांपाशी मोठी देवळं नव्हती, घरातल्या घरात लपून ते जमत. भाकरीवर शब्द उच्चारले, की ती भाकर राहिली नाही, तो स्वतः प्रभू, असं ते मानत. आता कोणी विचारलं, की ते खरंच तसं मानत हे कशावरून, तर बाबा म्हणत, ‘‘माणूस काय मानते ते पाहाले त्याच्या बोलण्यावर नका जाऊ. तो ती वस्तू हाताळते कशी, ते पाहा.’’ मग ते सांगत, की ते लोक हात पुढे करून घेत तेव्हा कणसुद्धा खाली पडू देत नसत. घरी कपड्यात गुंडाळून नेत आणि रोज सकाळी दुसरं काही खाण्याआधी घेत. तुरुंगात कोणी असेल तर तिथवर पोचवत, जिवावर उदार होऊन. ‘‘अन् लोकं त्यांच्यावर आळ घेत, का हे बंद दारामागं माणसाचं मांस खातात. आळ खोटा. पण तो उठला काहून? नुसती आठवण म्हणून भाकर खात असते, तर असा आळ कोणी घेतला असता का?’’ विणकर माना हलवत.

तेरूताईला एक गोष्ट फार आवडे आणि ती बाबांना तीच सांगायला लावी. एक म्हातारा मरायला टेकला होता, त्याला काही गिळवत नव्हतं. पाद्री स्वतः आजारी, येऊ शकत नव्हता. त्याने भाकरीचा लहानसा तुकडा पाठवला आणि निरोप दिला, की पाण्यात भिजवून थेंबाथेंबाने तोंडात सोडा. म्हाताऱ्याने तेवढंच घेतलं आणि प्राण सोडला. जणू त्यासाठीच थांबला होता.

‘‘बाबा, एवढ्याशा तुकड्यात पुरा असते का?’’ ती विचारायची.

‘‘कणात पुरा असते.’’

‘‘अन् पाण्यात?’’

‘‘पाण्यात तो कण हाये तोवर.’’

तिला हे उत्तर माहीत असे. तरी ती विचारायची.

रविवारी जेवायला दाऊदमामा यायचा. आईचा धाकटा भाऊ, पण दुसऱ्या मिशनमधला, जिथे ती भाकर नुसती आठवण मानतात. तिथे त्याला पुस्तकं वाटत गावोगाव फिरण्यासाठी सायकल मिळालेली होती. ती सायकल अंगणातल्या लिंबाच्या झाडाला टेकवून तो आत यायचा. हे झाड फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वाटेला लागूनच होतं. त्याला वडाभात आवडे, म्हणून आई तो करी, आणि वडाभाताबरोबर भांडण ठरलेलं असे.

‘‘भाऊजी, शुक्रवारी माह्या बहिणीनं भाकर भाजली, रविवारी तिचाच देव झाला?’’

‘‘तुह्या बहिणीनं भाजली तोवर भाकर. फादरनं शब्द म्हटले का मग नाही.’’

‘‘अन् मी नाही मानलं त?’’

‘‘तू नाही मानलं तरी हाये. स्टेशनावर गाडी आली, तू बाकावर घोरून राहिला, म्हणून काय गाडी आलीच नाही?’’

‘‘अन् गाडी आलीच नसंल, पण मी बसलो असं मले वाटलं त?’’

‘‘त तू बाकावरच बसला हायेस गा, दाऊद. तेल घे भातावर.’’

आई हसायची. तेरूताई मामाला वाढताना मुद्दाम एक वडा जास्त घालायची, म्हणायची, ‘‘खा मामा, मानलं नाही तरी वडा हाये.’’ हे सगळं मला आज लिहिताना आठवतं ते शब्दासकट, पण त्या वेळी काय वाटायचं ते आठवत नाही.

मग ताई आजारी पडली. सुरुवात कशी झाली ते मी लिहीत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोटात काही ठरेना. भात ठरेना, मग पेज ठरेना, मग ताक ठरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि घरी न्या म्हणाले. ती ओसरीला लागून असलेल्या खोलीत पडून असे, कारण तिथे वारा येई. मी शेजारी बसून विंझणा हलवायचो. पाणीसुद्धा चमच्याने द्यायचं, आणि ते देऊन झालं की सगळे तिच्या गळ्याकडे बघत बसायचे. आईने त्या दिवसांत साचा चुलीवर ठेवला नाही. भाकरी आधीच्या होत्या, त्या डब्यात होत्या.

तिने मागितलं ते एवढंच, की जायच्या आधी प्रभू मिळावा. आता यात अडचण होती, आणि ती वाचणाऱ्याला नीट कळली पाहिजे. ज्याला उलटी होते त्याला ती भाकर देत नाहीत. जी वस्तू खरोखर प्रभूचं शरीर आहे ती अशा रीतीने बाहेर पडू द्यायची नाही, हा नियम होता आणि बाबा तो इतरांना शिकवत आलेले होते. फादर सकाळी आले. म्हातारे, परदेशी, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी तिच्या पापांची कबुली ऐकली, कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावलं आणि बाहेर येऊन बाबांना म्हणाले, ‘‘मास्टर, पहले सादी देके देखो. पेट में रहे, तो मैं कामठी से लौटके दूँगा.’’ साधी म्हणजे आमच्या डब्यातली, जिच्यावर शब्द उच्चारलेले नाहीत ती. असं करून बघण्याची रीतच आहे. कामठीच्या छावणीत त्यांना कोणाचं दफन करायचं होतं. टांगा गेला.

दुपारी आईने डबा उघडला. बाबा म्हणाले, ‘‘पाण्यात भिजवून दे, लहानसा तुकडा.’’ आता साधी भाकर कशी द्यायची याची काही रीत आमच्या घरात नव्हती. कातरण आम्ही मुठीने खात असू, पण गोल कापलेली भाकर फक्त एकाच तऱ्हेने, देवळात हनुवटीखाली पांढरं कापड धरून, तोंडात जाताना आईने पाहिली होती. म्हणून तिने न बोलता ताईच्या हनुवटीखाली धुतलेला पांढरा रुमाल धरला. तुकडा चमच्यात भिजवला. ताई ग्लानीत होती. रुमाल लागताच तिने डोळे मिटूनच जीभ पुढे केली. आईने तुकडा ठेवला. तिने गिळला. मी गळ्याकडे बघत होतो.

मग तिने दोन्ही हात जोडून छातीवर घेतले. हात उचलायची ताकद तिच्यात तोवर नव्हती. ओठ हलत होते. चेहरा असा झाला की मी विंझणा थांबवला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘आई, आला वं तो.’’

तुकडा पोटात राहिला होता. आई त्यासाठी रडत होती की कशासाठी, हे मला कळलं नाही. तिने बाबांकडे बघितलं आणि दोघं बाहेर अंगणात गेले. मामा तिथे सायकलजवळ उभाच होता, त्या दिवसांत तो रोज येई. मी दारात राहिलो, तिथून आत ताई आणि बाहेर ते तिघं असे दोन्ही दिसत होते.

‘‘नका सांगू,’’ आई म्हणाली. ‘‘हात जोडते तुम्हाले. पोरगी खुशीनं चालली. जाऊ द्या.’’

‘‘फादर यायचे हायेत,’’ बाबा म्हणाले.

‘‘अन् नाही पोचले त? त्याआधीच गेली त?’’

‘‘म्हणूनच सांगतो. तिले वाटते मिळालं. मिळालं नाही.’’

मामा म्हणाला, ‘‘भाऊजी, आज मी भांडत नाही. पण ऐका. पोरीनं विश्वासानं घेतलं. देवानं पाह्यलं. झालं.’’

‘‘तुह्यासाठी झालं, दाऊद. माह्यासाठी नाही झालं.’’ बाबांचा आवाज ओसरीवर शिकवतानाचाच होता. ‘‘माही पोरगी ते. तिले पीठ अन् पाणी देऊन प्रभू म्हणू? मग इतके वर्षं मी लोकाईले काय शिकवलं?’’

‘‘लोकाईचं पडलं तुम्हाले,’’ आई म्हणाली. त्यानंतर ती बाबांशी बरेच दिवस बोलली नाही.

मामाने सायकल झाडापासून ओढली. ‘‘मी मानत नाही,’’ तो बाबांना म्हणाला. ‘‘पण फादरले घेऊन येतो.’’ कामठी दहा मैल. ऊन होतं. तो गेला.

बाबा आत येऊन तिच्याजवळ खाली बसले. भिंतीपलीकडे माग चालूच होता. मला वाटलं होतं ते आडवळणाने सांगतील. त्यांनी सरळ सांगितलं. ‘‘तेरू, मघाची साधी होती, बाई. आईनं भाजलेली. पोटात राहते का ते पाहाले दिली. फादर अजून यायचे हायेत.’’

तिने डोळे उघडले.

‘‘मग मी बोलली कोणाशी?’’

मी आयुष्यात पुष्कळ प्रश्न ऐकले, कचेरीत आणि घरात. या प्रश्नावर बाबांचं तोंड जसं झालं तसं मी कोणाचं पाहिलं नाही. ते म्हणाले, ‘‘त्याच्याशीच बोलली. त्यानं ऐकलं. पण तो आला नव्हता.’’

तिने तोंड भिंतीकडे केलं. जोडलेले हात सुटून बाजूला पडले. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी वारा घालत राहिलो. मला राग आला पाहिजे होता, बाबांचा किंवा आईचा. माझ्या आत काहीच नव्हतं. विंझण्याच्या कडेची शिवण उसवली होती, तिच्याकडे मी बघत होतो. पुष्कळ वेळाने भिंतीकडूनच आवाज आला.

‘‘मग थांबते.’’

आणि ती थांबली. एरवी ग्लानीत असणारी ती त्या दुपारी झोपली नाही. मध्ये एकदा उबळ आली, तेव्हा तिने आईचं मनगट धरलं, ओठ घट्ट मिटले आणि ती परतवली. माझ्या बायकोला वाटतं मी हे वाढवून सांगतो. मी काहीच वाढवून सांगत नाही. मनगटावर तिच्या नखांचे वण आईने पुढे कितीतरी दिवस वागवले.

उन्हं उतरताना टांगा आला. टांग्याच्या मागे सायकल बांधलेली होती आणि मामा फादरांच्या पायाशी बसलेला होता, घामाने भिजून. फादरांच्या गळ्यात लहानशी रेशमी पिशवी होती, आत शब्द उच्चारलेली भाकर, आणि तिच्यावरून त्यांनी हात काढला नाही, उतरतानासुद्धा नाही. बाबांनी स्टुलावर पांढरं कापड, क्रूस आणि दोन मेणबत्त्या मांडून ठेवल्याच होत्या. आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले. मामा दाराबाहेर उभा राहिला. फादरांनी नखाएवढा तुकडा तोडला, चमच्यातल्या पाण्यात सोडला आणि तिच्या तोंडात दिला.

बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मीही बघत होतो. आई बघत नव्हती. आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते काही झालं नाही. तिने हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. चेहरा होता तसाच राहिला, थकलेला. गिळून झाल्यावर तिने आणखी चमचाभर पाणी मागितलं. मग आईला म्हणाली, ‘‘चव तीच हाये.’’ त्यात तक्रार नव्हती आणि आनंदही नव्हता. जिन्नस ओळखल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली.

फादरांनी चमचा धुतला, बोटं धुतली आणि ते पाणी वाटीत घेऊन बाहेर आले. त्यात एखादा कण असेल म्हणून असं पाणी कुठेही टाकत नाहीत, जिथे पाय पडणार नाही अशी जागा बघतात. त्यांनी लिंबाच्या बुडाशी ते ओतलं. जमीन तापलेली होती, लगेच सुकली. खूण अशी काही राहिली नाही.

सकाळी मिलचा भोंगा व्हायच्या आत ताई गेली.

यावर मला जे म्हणायचं आहे ते थोडं आहे. मी दर रविवारी देवळात मिस्सेला जातो आणि जीभ पुढे करतो. मला तिथे काही वाटत नाही. तेव्हाही वाटलं नाही, दफनाच्या वेळी नाही, आणि नंतरही नाही. एकदा हे मी बाबांना सांगितलं, ते म्हातारपणी थकल्यावर. ते म्हणाले, ‘‘तेरूले तरी कुठं काही वाटलं?’’ आणि कुशीवर वळले. मला त्या उत्तराने बरं वाटलं असंही नाही. पण मी जात राहिलो. तुझ्या वाटण्यावर त्याचं येणं अवलंबून नाही, असं मला त्यातून समजलं. नेमकं हेच तर बाबा मामाला वडाभातावर सांगत आलेले होते. ते इतकं महागात पडेल असं तेव्हा आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

दफनानंतरच्या शुक्रवारी आईने पुन्हा साचा चुलीवर ठेवला. पीठ गाळलं, मेण फिरवलं. शनिवारी बाबांनी गोल कापले, मी चळती लावल्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, पत्रा या हातातून त्या हातात जात होता. ताटलीत कातरण पडली. ती मी खाल्ली नाही आणि कोणी उचललीही नाही, शेवटी आईने चिमण्यांना घातली.

रविवारी दाऊदमामा जेवायला आला. वडाभात नव्हता, वरण-भाकर होती. त्याने फाटक लोटलं आणि सायकल घेऊन नेहमीच्या वाटेने निघाला. झाडाशी आल्यावर तो थांबला. खाली बघितलं. तिथे काहीच नव्हतं, सुकी माती आणि लिंबाची दोन-चार पानं. त्याने सायकल वळवली, झाडाला लांबचा वळसा घालून समोरच्या भिंतीपाशी नेली आणि तिथे टेकवली. त्या भिंतीचा पाया उतरता होता, सायकल घसरून पडली. मामाने ती उचलून पुन्हा तिथेच लावली. पुन्हा पडली. पुन्हा त्याने ती उचलली, या खेपेला चाकाखाली दगड दिला, आणि तिथेच लावली.

बाबा ओसरीवरून हे सगळं बघत होते. मला वाटलं आता ते बोलतील, कारण यावर बोलण्यासारखं त्यांच्यापाशी पुष्कळ होतं.

‘‘ये गा दाऊद,’’ ते म्हणाले. ‘‘जेवाले बस.’’